‘सेन्सॉर’ म्हणजे नुसती बंदी नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी देवगडला पेपर टाकतो. आधी वडील टाकायचे, आता मी. दोघांचे मिळून पन्नासच्या वर पावसाळे झाले. पहाटे गठ्ठे फोडायचे, पुरवण्या आत सारायच्या आणि सातच्या आत जामसंड्यापर्यंतची लाईन संपवायची. त्यामुळे आपला अंक मी आपल्या बहुतेक वाचकांच्या आधी वाचतो, निदान ज्या पानात पुरवणी सारतो ते पान तरी. त्याच पानावर आपण रोज एका इंग्रजी शब्दाची चौकट देता. तक्रार त्या चौकटीची आहे.

माझी मुलगी अकरावीला आहे. तिच्या वर्गाला इंग्रजीतून गटचर्चा करायला सांगितली आहे. विषय आहे प्रसारमाध्यमांवरची सेन्सॉरशिप आणि समाज. म्हणून गेले तीन आठवडे संध्याकाळी ती आणि तिच्या वर्गातली चार मुलं आमच्या पडवीत बसतात. न खपलेले अंक माझ्याकडे असतातच. मुलांनी आपल्या चौकटी कापून वहीत ओळीने चिकटवल्या, तेव्हा गंमत दिसली. सेन्सॉर म्हणजे बंदी घालणे. बॅन म्हणजे बंदी घालणे. प्रोहिबिट म्हणजे बंदी घालणे. रिस्ट्रिक्ट म्हणजेही बंदी घालणे. एक मुलगा म्हणाला, “काका, मगे इंग्रजांनी येवढे शब्द कित्याक केले? एकात भागला असता ना!”

माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं आहे, बोलताना अडखळतो. पण बंदरावरच्या पोरांना समजवायला बंदर पुरतं. मी म्हटलं, १ जून ते ३१ जुलै सगळ्या यांत्रिकी होड्या किनाऱ्याला, तो बॅन. होडी पाण्यात आहे, पण जाळ्याची आस (भोक) केवढी, किनाऱ्यापासून किती लांब, कुठल्या महिन्यात, हे ठरवून दिलंय, ते रिस्ट्रिक्शन. आणि सेन्सॉर? तुमची आई टोपली घेऊन बाजारात बसलीय. टोपलीवरचं फडकं उघडायच्या आधी कोणीतरी हात घालून पापलेट काढून नेतो, बांगडे तेवढे ठेवतो आणि फडकं पुन्हा नीट घालून जातो. गिऱ्हाईक बांगडे घेतं, घरी जातं. पापलेट होतं हे त्याला कधी कळतच नाही. मुलं हसली, पण तो शब्द पुन्हा कोणी चुकलं नाही.

घोळ तिथेच संपत नाही. सेन्सॉरला लागून सेन्शर आहे, त्याचा अर्थ ठपका ठेवणे, जाहीर निषेध करणे. आणखी एक सेन्सर आहे, जो हात पुढे केला की नळ सोडतो. तिघांची स्पेलिंगं वेगळी, पण आपण देवनागरीत लिहितो तेव्हा पहिला आणि तिसरा हमखास एक होतात. (आपल्याच अंकात मागच्या महिन्यात एका चित्रपटाला ‘सेन्सर’ने अडवल्याची बातमी होती. मला आधी गाडीचा रिव्हर्स हॉर्न आठवला.) शिरगणतीचा सेन्सस मात्र खरंच सेन्सॉरच्या घरातला. जुन्या रोममध्ये सेन्सॉर नावाचा अधिकारी माणसं मोजायचा आणि त्यांच्या चालचलणुकीवरही नजर ठेवायचा. ही माहिती मुलांना इतकी आवडली की तालुक्याच्या गावी जनगणनेला येणाऱ्या मास्तरांकडे आता ती संशयाने बघतील.

आता जरा गंभीर. मुलीने वहीत एक शब्द लिहून आणला होता, डिसअफेक्शन. तिच्या पुस्तकात अर्थ ‘नाराजी’. मी म्हटलं, बाई गं, ह्या शब्दापायी रत्नागिरीत जन्मलेला माणूस तुरुंगात गेला. १८९७ साली मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितलं की डिसअफेक्शन म्हणजे नुसता अफेक्शनचा अभाव. म्हणजे सरकारविषयी प्रेम नसणं एवढंही पुरे! ज्युरीत ६ विरुद्ध ३ अशी विभागणी झाली, शिक्षा १८ महिन्यांची. पुढच्याच वर्षी कायद्यात सुधारणा करून बेइमानी आणि शत्रुत्वाच्या भावना त्या शब्दात घातल्या गेल्या. १९०८ च्या खटल्यात तर टिळक स्वतः कोर्टात उभे राहून ‘केसरी’तल्या मराठी शब्दांची सरकारी भाषांतरं कशी चुकीची आहेत ते सांगत होते. त्या वेळी मंडालेची ६ वर्षं मिळाली. कायद्याच्या मराठीत ह्याला ‘अप्रीती’ म्हणतात. हा शब्द मला ‘नाराजी’पेक्षा शंभर पटीने बरा वाटतो, कारण त्यात प्रीती दिसते आणि ती सक्तीने मागितलेलीही दिसते.

लांबचं कशाला, आपल्याच किनाऱ्यावर पालघरला नोव्हेंबर २०१२ मध्ये दोन मुलींना अटक झाली. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं होतं, दुसरीने ते लाईक केलं होतं. त्यांना लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. त्या कलमात अ‍ॅनॉयन्स हा शब्द होता, म्हणजे त्रास, वैताग. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलम अख्खं रद्द केलं, कारण असे शब्द मोघम आहेत, कोणाला कशाचा वैताग येईल सांगता येत नाही. माझी मोटरसायकल पहाटे पाचला सुरू होते तेव्हा शेजारच्या आजोबांना येतो तो अ‍ॅनॉयन्सच.

रिडॅक्ट म्हणजे कागदावरचा काही मजकूर झाकून कागद देणं. हा शब्द मात्र मी स्वतः पैसे भरून शिकलो. जेट्टीच्या दुरुस्तीचा हिशेब मी माहिती अधिकारात मागितला होता. उत्तर आलं अकरा पानांचं. त्यातल्या चार पानांवर काळे पट्टे, शाई इतकी गच्च की उलट बाजूने पान फुगलेलं. अर्जाचे दहा रुपये आणि वर पानामागे दोन, ते पट्ट्यांच्या पानांचेही घेतले. कायद्याच्या कलम १० प्रमाणे काही भाग गाळून उरलेला देता येतो, पण गाळला तर का गाळला हे लिहून द्यावं लागतं. माझ्या पानांवर कारण नव्हतं. ती पानं मी पडवीत मुलांच्या हातात दिली. मुलगी म्हणाली, “बाबा, कारण लिहिलं असतं तर रिडॅक्ट, नाही लिहिलं म्हणून हे सेन्सॉर?” शब्दकोशात हा फरक असा लिहिलेला नसेल, पण मला तो मान्य आहे.

वडिलांची एक आठवण सांगतो. आणीबाणी लागली तेव्हा मी आठ वर्षांचा. त्यांच्या लाईनीत एकच इंग्रजी पेपर होता, बँकेच्या मॅनेजरसाहेबांचा. एक दिवस साहेबांनी वडिलांना थांबवलं. अग्रलेखाची जागा कोरी होती. छपाईत काहीतरी गेलं असेल, दुसरी प्रत द्या, असं ते म्हणाले. वडिलांकडे दुसरी प्रत कुठली असणार! त्यांनी त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. पुढे तशी कोरी जागा सोडायलाही मनाई झाली, म्हणजे काही काढलंय हेसुद्धा दिसता कामा नये. फडकं पुन्हा नीट घालून जातो म्हणालो ना, ते हेच.

चौकटीतल्या सगळ्याच शब्दांना मराठी तोकडी पडते असं नाही, उलटंही होतं. ‘मझल द प्रेस’ला मुलं अडली होती. मी विचारलं, भातमळणीला बैलाच्या तोंडाला बांधतात ते काय? मुसकं! मझल म्हणजे तेच, आणि आपल्या मुस्कटदाबीतलं मुस्कटही त्याच जागेचं. सँक्शन हा शब्द तर मुलांना मी उलटा शिकवला होता, कारण आमच्याकडे रस्ता सँक्शन झाला की पेढे वाटतात. बातम्यांत एखाद्या देशावर सँक्शन्स, म्हणजे निर्बंध, लागले की तिथे कोणी पेढे वाटत नाही, हे मुलीनेच मला दाखवून दिलं.

राजापूरकडचा एक मुलगा मामाकडे राहून शिकतो. तो फारसा बोलत नाही. बॉयकॉट आणि ऑस्ट्रसाईझ ह्या दोघांना वहीत ‘बहिष्कार’ लिहिलं होतं. मी सांगितलं की बॉयकॉट हे आयर्लंडमधल्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याचं आडनाव, १८८० साली कुळांनी त्याच्याशी व्यवहार तोडले. आणि दुसरा शब्द ग्रीकांच्या खापरीवरून आला. अथेन्समध्ये खापरीवर नाव कोरून मत द्यायचे आणि माणसाला शहराबाहेर घालवायचे. तेव्हा हा मुलगा पहिल्यांदा बोलला. “आमच्या घराक गावकीन वाळीत टाकलेला, तेवा कोणी भायर नाय घालवला. आमी थयच होतो. शिमग्याक पालखी शेजारच्या दारात नाचली आणि आमच्या दारावरसून फुडे गेली.” ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं, असं त्याने विचारलं. सोशल बॉयकॉट म्हणता येईल, आपल्या राज्याचा २०१६ चा कायदाही तोच शब्द वापरतो, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड आहे, हे मी सांगितलं. पण पालखी पुढे गेली हे त्या शब्दात येत नाही. शेवटी ठरलं की चर्चेत त्याने पालखीचं वाक्य आधी सांगायचं आणि शब्द नंतर.

त्याच मुलाशी माझा एकदा वादही झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच्या राजापुरात रिफायनरीबद्दल लिहिणाऱ्या पत्रकाराच्या दुचाकीला गाडीने धडक दिली, दुसऱ्या दिवशी ते गेले, पुढे खुनाचा गुन्हा नोंदला गेला. वहीत त्याने सरळ मर्डरर लिहिलं होतं. मी त्याला अलेज्ड, म्हणजे नुसता आरोप असलेला, हा शब्द आधी घालायला लावला. त्याला ते पटलं नाही. मलाही सांगताना जड गेलं, पण अलेज्ड ठेवायलाच लावला.

आता मुद्द्याचं. आमच्याच तालुक्यात पोंभुर्ले गाव आहे, बाळशास्त्री जांभेकरांचं. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ काढला तो एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी असा. वाचणाऱ्याने डोळा डावीकडून उजवीकडे न्यावा आणि दोन्ही भाषा एकमेकींना काय म्हणतात ते बघावं. त्या तारखेला आपण पत्रकार दिन करता, हार घालता, अग्रलेख लिहिता. त्या दिवशी एकदाच ही चौकट दोन स्तंभांची करून बघा. डावीकडे मराठीत पाच-सहा ओळींची खरी घटना, उजवीकडे तीच इंग्रजीत, आणि खाली कुठला शब्द का घेतला त्याचं कारण. एका शब्दाला एक शब्द असं कोष्टक नको. जागा नसेल तर राशिभविष्य एक दिवस सेन्सॉर करा, फक्त कोरी जागा सोडू नका, नाहीतर मला पैसे सोडावे लागतील.

असा अंक काढणार असाल तर आठ दिवस आधी कळवा आणि त्या दिवशी देवगडला वीस प्रती जास्त पाठवा. आणि एवढं वितरण विभागाच्याही कानावर घाला की मागच्या आठवड्यात दोनदा आमचा गठ्ठा नांदगाव तिठ्यावर उतरवला नाही, तो तसाच पुढे गेला. लोक मला विचारतात, आज पेपर बंद आहे काय.

आपला,
एक वृत्तपत्र विक्रेता
देवगड, जि. सिंधुदुर्ग