डोना समरविषयी, म्युनिकला राहणाऱ्या मुलीस

पुणे

चि. राणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या गाण्याचे कौतुक झाले, आता त्या कंपनीला पुढची गाणीही अगदी त्याच धाटणीची हवी आहेत आणि करारावर लवकर सही करावी म्हणून तगादा लावला जातो आहे, हे तू कळवलेस. तुझा निर्णय तूच घ्यावास. मात्र तो घेण्याआधी, तू राहतेस त्याच शहरात घडलेल्या एका गायिकेविषयी तुला सविस्तर लिहावेसे वाटले. डोना समरला ‘डिस्कोची राणी’ म्हटले की तिच्याविषयी सारे काही सांगून झाले, असे लोक समजतात. मला ते मुळीच पटत नाही.

तिचे मूळ नाव लाडोना अ‍ॅड्रियन गेन्स. ३१ डिसेंबर १९४८ रोजी बोस्टनमध्ये तिचा जन्म झाला आणि लहानपणीच चर्चमध्ये गाऊन तिचा गळा तयार झाला. शिक्षण अर्धवट सोडून ती न्यूयॉर्कला गेली, एका रॉक बँडमध्ये गायली, आणि १९६८ साली ‘हेअर’ या संगीतनाटकाच्या जर्मन प्रयोगात भूमिका मिळाल्यामुळे म्युनिकला पोहोचली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिथे ती जर्मन शिकली, नाटकांत कामे केली, स्टुडिओत इतरांच्या गाण्यांना मागून साथ दिली. हेल्मुट सोमर या ऑस्ट्रियन नटाशी तिने लग्न केले, तिला मुलगी झाली; ते लग्न टिकले नाही, पण त्या आडनावाचे इंग्रजी वळण ‘समर’ तिच्याजवळ कायमचे राहिले. स्टुडिओतल्या याच कामातून जॉर्जो मोरोडर आणि पीट बेलॉट या दोन संगीतनिर्मात्यांशी तिची गाठ पडली.

१९७५ साली आलेल्या ‘लव्ह टू लव्ह यू बेबी’ने तिला एका झटक्यात प्रसिद्धी दिली. तिच्या तबकड्या अमेरिकेत काढणाऱ्या कॅसाब्लांका रेकॉर्ड्स या कंपनीचे मालक नील बोगार्ट यांनी हे गाणे लांबवून मागितले, तेव्हा ते जवळजवळ सतरा मिनिटांचे होऊन तबकडीची एक संपूर्ण बाजू त्याने व्यापली. अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. त्यातले उसासे आणि हुंकार एवढेच लोकांच्या लक्षात राहिले, बीबीसीने ते वाजवायला नकार दिला, आणि कंपनीने तिला प्रणयाची सम्राज्ञी म्हणून बाजारात उभे केले. चर्चमध्ये वाढलेल्या या मुलीला तो शिक्का सोसेना. झोप उडाली, नैराश्याने घेरले, आणि १९७६ साली स्वतःचे आयुष्य संपवण्याच्या टोकापर्यंत ती जाऊन पोहोचली, हे तिने पुढे आत्मचरित्रात स्वतः लिहिले आहे. त्या काळात तिच्या तबकड्या धडाधड खपत होत्या, हे इथे मुद्दाम लिहिते आहे.

आता ‘आय फील लव्ह’विषयी, कारण तू जे काम शिकते आहेस त्याचा एक मोठा धागा या गाण्यापर्यंत जातो. १९७७ च्या त्या अल्बममध्ये मोरोडरने वेगवेगळ्या काळांचे संगीत मांडले होते आणि शेवटचे गाणे भविष्यकाळाचे असावे अशी त्याची कल्पना होती. म्युनिकच्या अराबेला इमारतीच्या तळघरातल्या म्यूझिकलँड स्टुडिओत त्यासाठी ‘मूग’ बनावटीचा एक भलामोठा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर निर्माण करणारे यंत्र, आणला गेला. हे यंत्र एका वेळी एकच स्वर काढी आणि थोड्याच वेळात बेसूर होई. त्यामुळे लहान लहान तुकडे ध्वनिमुद्रित करायचे, यंत्र पुन्हा सुरात आणायचे आणि पुढचा तुकडा घ्यायचा, अशा चिकाटीने तो अखंड वाटणारा खर्जाचा रेला तयार झाला. रॉबी वेडेल या तंत्रज्ञाने यंत्र आणि टेप यांचा ठेका तंतोतंत जुळवून दिला नसता, तर हे काम उभेच राहिले नसते. हेडफोन लावून ऐक: मूळ स्वर एका कानात येतो आणि त्याचा प्रतिध्वनी दुसऱ्या कानात, म्हणून तो रेला धावतो आहे असे वाटते. पायाने वाजवायचा ड्रम तेवढा कीथ फोर्सी या माणसाने प्रत्यक्ष वाजवला आहे.

या गाण्याचे श्रेय लोक यंत्राला आणि मोरोडरला देतात. मी इतकी वर्षे गाणे शिकवत आले आहे, म्हणून तिचा आवाज तिथे काय करतो ते मला वेगळे सांगावेसे वाटते. खाली सगळे मोजूनमापून कापलेले चालले आहे, आणि ती मात्र वरच्या सप्तकात अगदी हलका, मोकळा आवाज लावते. शब्द मोजकेच, पण प्रत्येक ओळीचा शेवट ती सावकाश सोडते, ठेक्याच्या पाठीमागे धावत नाही. तो आवाज काढून घेतला तर उरते ते उत्तम तंत्र. गाण्याच्या लेखनातही तिचे नाव आहे. आधी हे गाणे तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेले होते. लोकांनी ते पुढे आणले आणि ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. बर्लिनमध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीबरोबर काम करणाऱ्या ब्रायन ईनो या संगीतकाराने ते ऐकून, पुढच्या काळाचा आवाज हाच, असे म्हटल्याचे बोवीने सांगून ठेवले आहे.

मग १९७८ साली ‘लास्ट डान्स’ आले. पॉल जबारा यांच्या या गाण्याची सुरुवात ठेक्याशिवाय, संथ होते आणि मग ते एकदम वेग घेते. मध्येच पुन्हा संथ होऊन पुन्हा उसळते. विलंबितातून द्रुतात जाताना आपला गायक जसा श्वास आधीच राखून ठेवतो, तसा तिने तो राखला आहे. या गाण्याला ऑस्कर मिळाले आणि तिला गायनाचे ग्रॅमी. आधीच्या उसाशांवर तिला जोखणाऱ्यांना त्या खुल्या, भरदार आवाजाने उत्तर मिळाले. पाठोपाठ ‘हॉट स्टफ’साठी तिला रॉक गायनाचे ग्रॅमी मिळाले. स्त्रियांच्या रॉक गायनासाठीचा तो पुरस्कार त्या वर्षी प्रथमच दिला जात होता.

याच सुमारास तिच्या लक्षात आले की, इतके सगळे असूनही निर्णय आपल्या हातात नाहीत. तिच्या कामाची व्यवस्था पाहणारी बाई कंपनीच्या मालकाचीच पत्नी होती, तेव्हा भांडण झाले तर समरची बाजू घ्यायची कोणी? तिने कंपनीवर दावा लावला आणि १९८० साली डेव्हिड गेफेन यांच्या नव्या कंपनीत गेली. सुटका मात्र एवढ्यावर झाली नाही. १९८१ साली तिने मोरोडरबरोबर तयार केलेला दुहेरी अल्बम नव्या कंपनीने बाजूला ठेवला. तो प्रसिद्ध व्हायला १९९६ उजाडले. पुढच्या अल्बमसाठी मोरोडरऐवजी क्विन्सी जोन्स यांना आणले गेले. जोन्स फार मोठे संगीतकार, त्याविषयी वाद नाही. पण कोणाबरोबर काम करायचे हे तिच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवले.

जुन्या कंपनीचे एका अल्बमचे देणे शिल्लक होते, ते तिने १९८३ साली फेडले. लॉस एंजेलिसच्या एका प्रसिद्ध उपाहारगृहाच्या स्वच्छतागृहात काम करणारी एक बाई थकून बसल्या जागी डुलक्या घेत होती. तिला पाहून समरला गाणे सुचले आणि ‘शी वर्क्स हार्ड फॉर द मनी’ तयार झाले. ती बाई त्या अल्बमच्या मागच्या मुखपृष्ठावर समरबरोबर दिसते. अमेरिकेत हे गाणे तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. देणे फेडण्यासाठी केलेल्या कामातही तिने हात आखडता घेतला नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते. अलीकडे ज्या काळाला लोक तिचा उतरता काळ म्हणतात, त्यातच तिचे हे सगळ्यात स्वतंत्र गाणे आहे.

संगीतकार ब्रूस सुडानो यांच्याशी तिने १९८० सालीच लग्न केले होते. पुढे ती नॅशव्हिलला राहिली, चित्रे काढली. १७ मे २०१२ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली, तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला २०१३ साली, म्हणजे मृत्यूनंतर, स्थान मिळाले. हे फार उशिरा झाले असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुझ्या कराराकडे वळू. तुझी व्यवस्था पाहणारी व्यक्ती त्या कंपनीची पगारी आहे का, हे आधी विचार. ध्वनिमुद्रित झालेले गाणे कंपनीने प्रसिद्धच केले नाही, तर ते तुला परत मिळण्याची तरतूद आहे का, आणि गाण्याच्या लेखनात तुझा वाटा असेल तिथे तुझे नाव लागणार आहे का, हे लेखी घे. कराराची मुदत आणि गाण्यांची संख्या ही दोन्ही कलमे बाबांना वाचायला पाठव. ती जर्मनमध्ये असतील तर तिथल्या वकिलाकडून समजून घे, त्याचे पैसे आम्ही भरू. वरच्या सप्तकातला रियाज थांबवू नकोस. सर्दी बरी झाल्याचे कळव.

तुझी,
आई