फुलावरची मतं आणि ब्रेक्झिटचा कौल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात ब्रेक्झिटवर, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्यावर, एका वाचकांचं पत्र होतं. ब्रिटनच्या संसदेने संघातून बाहेर पडा म्हणणारा २०१६ चा जनमत कौल सरळ केराच्या टोपलीत टाकायला हवा होता, थापा मारून मिळवलेल्या मतांची कसली आली किंमत, असा त्यांचा सूर. ब्रेक्झिटने ब्रिटनचं भलं झालं असं मलाही वाटत नाही. त्याची झळ माझ्याच घराला लागली आहे, ते पुढे येईल. पण कौल गुंडाळून ठेवला असता म्हणजे सगळं सुरळीत झालं असतं, हे काही गळी उतरलं नाही.

आपल्याकडे देवळात कौल लावतात. पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली की लगेच पुन्हा पाकळ्या लावा म्हणणारे असतातच. पण जाणता पुजारी आधी बघतो ते प्रश्न नीट घातलाय का. नुसतं 'जमीन विकू का' विचारून भागत नाही; कुणाला, केवढ्याला, हेही त्यात यावं लागतं. २३ जून २०१६ च्या गाऱ्हाण्यात नेमकी हीच खोट होती. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, एवढंच विचारलं. बाहेर पडून कुठे जायचं, नॉर्वेसारखं सामायिक बाजारपेठेत राहायचं की तेही दार लावून घ्यायचं, आयर्लंडच्या सीमेचं काय, याबद्दल मतपत्रिकेवर अवाक्षर नव्हतं. ५१.९ टक्के म्हणाले बाहेर, ४८.१ टक्के म्हणाले राहू. अंतर सुमारे १२ लाख ७० हजार मतांचं. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहू म्हटलं, लंडननेही साधारण तेवढ्यानेच, तर लिंकनशायरमधल्या बोस्टनमध्ये चारातले तीन जण बाहेर म्हणाले. मतदानाला आठवडा असताना जो कॉक्स या खासदारबाईंचा भर रस्त्यात खून झाला होता. पुढे कलम ५० (संघातून बाहेर पडण्याची नोटीस देण्याचं कलम) लागू करायला संसदेची संमती लागेल असा निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना एका मोठ्या दैनिकाने पहिल्या पानावर 'जनतेचे शत्रू' ठरवलं. दुही होती ती अशी, नुसती चहाच्या कपातली नव्हे.

आता कायद्याचं. पत्रलेखक म्हणतात तो मुद्दा खरा आहे: तो कौल सरकारवर कायद्याने बंधनकारक नव्हता. युरोपीय न्यायालयानेही डिसेंबर २०१८ मध्ये सांगितलं की ब्रिटनला वाटलं तर तो बाहेर पडण्याची नोटीस एकतर्फी मागे घेऊ शकतो. म्हणजे दार उघडं होतं. पण तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून यांच्या सरकारने मतदानाआधी घरोघरी जी पुस्तिका पाठवली तिच्यात छापलं होतं की हा निर्णय तुमचा, तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणील. तो शब्द देताना हरण्याची कल्पना केली नव्हती, ही काही शब्द मोडण्याची सबब होत नाही.

मोडला असता तर काय झालं असतं, याची चुणूक २०१९ मध्ये दिसली. त्यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार संसदेत जानेवारीत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला, मार्चमध्ये आणखी दोनदा. बाहेर पडायची २९ मार्चची मुदत टळली. नोटीस मागे घ्या म्हणणाऱ्या अर्जावर साठ लाखांवर सह्या झाल्या, लंडनच्या रस्त्यांवर लाखोंचे मोर्चे निघाले. आणि मे महिन्यात युरोपीय संसदेची निवडणूक झाली तेव्हा जेमतेम काही महिन्यांपूर्वी नोंदलेला, संघविरोधी पुढारी नायजेल फराज यांचा ब्रेक्झिट पक्ष तीस टक्क्यांवर मतं घेऊन पहिला आला. सत्तेतला हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्ष पाचवा. कौल रद्द झाला नव्हता, नुसता लांबला होता, त्यावर हे! डिसेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट्स म्हणाले, आम्हाला बहुमत द्या, ब्रेक्झिटच रद्द करतो. त्यांचे ११ खासदार आले आणि पक्षाच्या नेत्या जो स्विन्सन स्वतःची जागाही हरल्या. पुन्हा मतदान घेऊ म्हणणाऱ्या मजूर पक्षाने सेजफील्ड, बोल्सोव्हर असे पिढ्यान्‌पिढ्यांचे खाणकामगारांचे मतदारसंघ गमावले. हुजूर पक्षाच्या बोरिस जॉन्सन यांना ८० चं बहुमत मिळालं. (विरोधकांच्या मतांची बेरीज हुजूर पक्षाहून जास्त होती, हे मला माहीत आहे. पण त्या बेरजेतल्या पक्षांचं आपसात एकमत नव्हतं, आणि ब्रिटिश निवडणुकीत बेरजेला जागा मिळत नाहीत.)

कौलात हरणं म्हणजे काय ते मी लहानपणी घरात पाहिलं आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा मी चौथीत होतो. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. वडील कट्टर विलीनीकरणवादी. आमच्या भिंतीवर तेव्हा मीही खडूने फूल काढलं होतं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. ३४,०२१ मतांनी आम्ही हरलो. संध्याकाळी ओसरीवर बसणाऱ्या वडिलांच्या मंडळींत कुणी म्हणे मतदार फितवले, कुणी म्हणे पुन्हा घ्यायला लावू. वडील बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "आपण जिंकलो असतो तर त्यांना पुन्हा घेऊ दिलं असतं का?" त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही. दोनेक महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, वडिलांनी पुन्हा मगोला (विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला) मत दिलं आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणाला नकार देणारा गोवा आणि विलीनीकरणवाद्यांना निवडून देणारा गोवा एकच. हरलेल्यांना राज्य चालवायला मिळालं, म्हणूनही कदाचित तो निकाल पचला. वडिलांना तो शेवटपर्यंत चुकीचा वाटत असे, ती गोष्ट वेगळी.

आमच्या कौलाला एक सोय होती हे कबूल करायला हवं. फूल म्हणजे काय आणि दोन पानं म्हणजे काय, हे मत देणाऱ्याला ठाऊक होतं. ब्रिटनला तेवढंही मिळालं नाही. म्हणूनच मे यांचा करार कागदावर आल्यावर 'हा घेता की संघात राहता' असं लोकांना विचारलं असतं, तर त्याला मी हरकत घेतली नसती. तो नवा प्रश्न झाला असता. डेन्मार्कने १९९२ मध्ये युरोपीय संघ उभा करणारा मास्ट्रिक्ट करार ५०.७ टक्क्यांनी नाकारला. चलन, संरक्षण अशा चार बाबतींत सूट मिळवून सरकार १९९३ मध्ये पुन्हा लोकांकडे गेलं आणि ५६.७ टक्के हो म्हणाले. तरी त्या रात्री कोपनहेगनच्या नोरेब्रो भागात दंगल उसळली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आयर्लंडमध्ये संघाच्या नीस आणि लिस्बन या दोन्ही करारांवर दोनदोनदा विचारलं. फ्रान्स आणि नेदरलँड्सने २००५ मध्ये युरोपीय राज्यघटना फेटाळली, तर तिच्यातला बहुतेक मजकूर लिस्बन करारात आला आणि त्या वेळी मात्र फ्रेंच आणि डच लोकांना कुणी विचारलंच नाही. ब्रसेल्सवाले, म्हणजे संघाचे कारभारी, हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारतात, नाहीतर विचारतच नाहीत, असा प्रचार ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं चालला तो याच शिदोरीवर. २०१६ चा कौल न विचारता रद्द करणं म्हणजे त्या प्रचाराला खरं ठरवणं होतं. एक कोटी ७४ लाख माणसांनी, त्यातल्या कित्येकांनी अनेक वर्षांनी मतदान केंद्राची पायरी चढून, दिलेलं मत होतं ते.

पत्रलेखकांना राग आहे तो परिणामांचा. तो मला समजतो. माझा जन्म पोर्तुगीज अमलातला, थोरल्या भावाचाही. अशांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं. भावाने त्यासाठी लिस्बनला जन्म नोंदवला, मी आळसाने राहिलो. त्याच्या मुलाने पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि आपल्या कित्येक गोंयकारांसारखा तो स्विंडनला गेला, गोदामात कामाला लागला. २०१६ मध्ये त्या स्विंडनने जवळजवळ ५५ टक्क्यांनी बाहेर म्हटलं. गंमत अशी की ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना त्या कौलात मत होतं, पोर्तुगिजांना नव्हतं. भारतीय पासपोर्टवरचा त्याचा शेजारी मत देऊन आला. युरोपीय व्हायला म्हणून पासपोर्ट बदललेला आमचा पुतण्या घरी बसून निकाल बघत होता. त्याला पुढे कायम राहण्याचा दर्जा मिळाला. त्याच्या धाकट्या भावाने कागदपत्रं जमवेपर्यंत २०२० संपलं, ब्रिटन संघातून पुरतं बाहेर पडलं आणि तो रस्ता बंद झाला. तो आता पोर्तुगालमध्ये आहे, भाषा शिकतो आहे.

२०२४ मध्ये आलेल्या मजूर सरकारनेही सामायिक बाजारपेठेत परत जाणार नाही असं जाहीरनाम्यातच सांगून टाकलं. तरी मे २०२५ मध्ये युरोपीय संघाशी नवी बोलणी करून थोडं थोडं दार किलकिलं केलंच. हे हळू चालणार, बहुधा माझ्या हयातीनंतरही.

स्विंडनचा पुतण्या आता ब्रिटिश नागरिकत्वासाठी अर्ज करणार आहे. गणपतीला घरी आला होता तेव्हा विचारलं, पुन्हा कौल झाला तर तुला मत असेल, काय देशील? म्हणाला, "काका, प्रश्न काय घालतात ते आधी बघू दे."

आपला,
एक वाचक, फोंडा, गोवा