वीसपैकी नऊ

पिटेश्ती, रोमानिया, २४ जानेवारी

चि. मीरा हिस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी रात्री जेवणानंतर तुझे बाबा, आपले ताता, नेहमीप्रमाणे भांडी विसळत होते आणि पाठमोरे राहूनच म्हणाले, की मीराच्या फ्रान्समधल्या, ल्योंच्या विद्यापीठातल्या कायद्याच्या पहिल्या सत्राचा निकाल लागून आठ दिवस झाले, सरासरी वीसपैकी ९.१ आली आहे, आणि आईला इतक्यात सांगू नका असे तिने बजावले होते. आठ दिवस त्यांनी ते पोटात ठेवले याचेच मला नवल वाटते, कारण माझ्या वाढदिवसाची भेटसुद्धा त्यांना दोन दिवस लपवता येत नाही. मी त्याच रात्री तुला फोन करणार होते. मग विचार केला, फोनवर तू ‘आई, ऐक ना’ म्हणून मला मध्येच थांबवतेस आणि मी चिडते, त्यापेक्षा लिहावे. देवनागरी तू सावकाश, ओठ हलवत वाचतेस आणि आज मला तेच हवे आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते: तू मला का सांगितले नाहीस, हे मी या पत्रात विचारणार नाही.

शुक्रवारी दुपारी हातातले भाषांतर बाजूला ठेवून मी तुमच्या विद्याशाखेची परीक्षांची नियमावली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. हसू नकोस, करारमदारांची फ्रेंच वाचण्यातच माझी इतकी वर्षे गेली आहेत. दहाला उत्तीर्ण हे तर मला ठाऊक होतेच, पण एका विषयातली तूट दुसऱ्या विषयातल्या गुणांनी भरून निघते आणि पहिल्या सत्राची तूट दुसऱ्या सत्राने भरून निघते, हे मी तीन वेळा वाचून खात्री करून घेतली. वर्षाची सरासरी दहा झाली की साठच्या साठ क्रेडिट तुझे. म्हणजे मे महिन्याच्या परीक्षांत तुला १०.९ मिळाले, तर रात्रापाजला, म्हणजे फेरपरीक्षेला, बसण्याचीसुद्धा गरज नाही. मी वहीत मांडून पाहिले आहे.

तू मात्र त्या आकड्याचे निम्मे केले असणार. ९.१ चे निम्मे साडेचारच्या आसपास, आणि आपल्याकडे रोमानियात गुण दहापैकी, पाचाच्या खाली म्हणजे नापास. बाकालाउरेआतला, शाळेच्या शेवटच्या परीक्षेत, ९.६० मिळवलेल्या मुलीला ते कसे दिसले असेल, याची मला कल्पना येते. पण हा हिशेबच चुकीचा आहे. रोमानियात दहापैकी दहा दरवर्षी कोणाला ना कोणाला मिळतातच. फ्रान्समध्ये वीसपैकी वीस सहसा कोणी देत नाही, सोळाला ‘त्रे बिएँ’ म्हणतात, आणि कायद्याच्या पहिल्या वर्षात चौदा मिळाले तर मुले आनंदाने घरी फोन करून सांगतात. (हे वाक्य सहज लिहिले गेले, त्यात टोमणा नाही.) शिवाय तिथल्या सरकारी विद्यापीठाची गाळणी दारात नसून आत असते. प्रवेश पुष्कळांना मिळतो, आणि पहिल्या वर्षातून थेट दुसऱ्या वर्षात जाणारे निम्म्याच्या आसपास असतात. ही गोष्ट तू जाण्यापूर्वी मी तुला सांगायला हवी होती. मी तेव्हा फक्त कौतुक करत होते.

तुझी सगळी प्रशस्तिपत्रके बुनिका आजीच्या खोलीत, तिच्या देवाच्या तसबिरीखाली, ओळीने लावलेली आहेत. ती कोणी लावली? मीच लावली, आणि नाशिकहून कोणी आले की प्रथम त्या खोलीत नेले. काल तिथे उभी राहून मी त्या ओळीकडे पाहत होते, तेव्हा वाटले, की जिच्या प्रत्येक दहाची अशी चौकट होते, ती मुलगी नऊ कोणत्या भिंतीवर नेऊन सांगणार? पण तरीसुद्धा, मीरा, तातांना सांगता आले ना.

आता अभ्यासाबद्दल. तुझ्या फ्रेंच भाषेत काही उणे नाही. अडचण मांडणीची आहे, असे तू नोव्हेंबरमध्ये स्वतःच म्हणाली होतीस: प्रत्येक उत्तराचे दोन भाग, प्रत्येक भागाचे दोन उपभाग, आणि या सगळ्याच्या आधी एक नेमका प्रश्न उभा करायचा, जो प्रश्नपत्रिकेत लिहिलेलाच नसतो. आपल्या शाळेत साहित्याच्या पेपरासाठी तू तयार ‘कोमेंतारिउ’, म्हणजे धड्यांची रसग्रहणे, पाठ करत होतीस आणि मी त्याला हरकत घेतली नाही, कारण मीसुद्धा गाईडमधली उत्तरे पाठ करूनच शिकले. तिथे पाठांतराला गुण नाहीत. न्यायालयाचा निवाडा समोर ठेवून आधी वस्तुस्थिती, मग खटल्याचा प्रवास, मग कायद्याचा प्रश्न, मग निर्णय, अशी टाचणे रोज एक याप्रमाणे लिहून काढ. आंफीतल्या, म्हणजे मोठ्या सभागृहातल्या, व्याख्यानाला पाचशे मुलांत तू नसलीस तर कोणाच्या लक्षात येणार नाही, पण ते-दे, म्हणजे लहान गटांचे वर्ग, मात्र चुकवू नकोस; तिथे हजेरी असते, आणि ठरावीक संख्येपेक्षा जास्त गैरहजेरी झाली तर ती तूट भरून काढण्याची सवलतच जाते, असे नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे. डिसेंबरात तू दहा दिवस खोकत होतीस. त्या दहा दिवसांत किती ते-दे बुडाले? डॉक्टरांचे प्रमाणपत्र दिलेस का? ते मुदतीत द्यावे लागते. सकाळी उठून आधी वाचायला बसावे, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि शनिवार-रविवारी त्या बेकरीत पहाटेपासून उभे राहण्याचा हट्ट परीक्षा होईपर्यंत सोडावा.

हे लिहून झाल्यावर वाचले आणि मला माझीच लाज वाटली. तू अठरा वर्षांची आहेस, दुसऱ्या खोलीत मोबाईल ठेवायला तुझ्याकडे दुसरी खोली नाही, आणि बेकरीतल्या पैशांशिवाय ल्योंमधले भाडे निघत नाही हे मला माहीत आहे. माफ कर. खोडले असते तर कागद घाण दिसला असता, म्हणून राहू दिले.

पैशांचे निघालेच आहे तर तुझ्या पासपोर्टाची गोष्ट सांगते, कारण ती तुला अर्धीमुर्धीच ठाऊक आहे. भारत दोन नागरिकत्वे मान्य करत नाही. त्यामुळे तू जन्मलीस तेव्हा निळा की लाल, हे एकदाच ठरवायचे होते. मला निळा हवा होता. रोमानिया १ जानेवारी २००७ रोजी युरोपीय संघात आला होता आणि ताता एकच वाक्य धरून बसले होते, की या पासपोर्टावर हिला कुठेही शिकता येईल. मी हरले, आणि नाशिकची आजी त्यानंतर दोन महिने माझ्याशी फक्त हवापाण्याबद्दल बोलली. आज पाहते तर तुझी वर्षाची फी फ्रेंच मुलांइतकीच, १७०-१८० युरो, आणि वर शंभरेक युरो विद्यार्थी-अंशदानाचे. संघाबाहेरच्या मुलांसाठी २०१९ पासून वेगळा दर आहे आणि तो आता २,८०० युरोंच्या वर गेला आहे. विद्यापीठाने सूट दिली तर गोष्ट वेगळी. निळ्या पासपोर्टावर तुला वर्षाला ९६४ तासांपेक्षा जास्त काम करता आले नसते. मिहाय काकांना तर लाल पासपोर्ट असूनही २०१३ संपेपर्यंत फ्रान्समध्ये नोकरीसाठी परवानगी काढावी लागत होती. बांधकामावरच्या त्यांच्या त्या वर्षांबद्दल ते अजूनही बोलत नाहीत. तू विद्यापीठात नाव घातलेस त्या दिवशी त्यांनी मला फोन करून ‘नाव नीट लिहिले का त्यांनी?’ एवढेच विचारले, आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

शिष्यवृत्ती मात्र त्या पासपोर्टानेही मिळाली नाही, कारण आम्ही दोघांपैकी कोणीही फ्रान्समध्ये कधी नोकरी केली नाही. मी तर तिथे कधी राहिलेच नाही. फ्रेंच मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, आणि फ्रान्सला जाऊन पुढे शिकायचे असे दोन वर्षे घोकत होते. पुढे एकाच वर्षी आप्पा निवृत्त झाले, सुधादीचे लग्न ठरले, आणि मग तो विषय घरात कोणी काढला नाही. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात रेनोच्या लोगन गाडीची तयारी सुरू झाली तेव्हा दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली. फ्रेंच अभियंते फ्रेंचमध्ये बोलायचे, मी ते मराठीत आमच्या फिटरांना सांगायचे, आणि पिटेश्तीजवळच्या मिओवेनीहून आलेला एक उंच माणूस, ज्याच्या गावी हीच गाडी २००४ पासून बनत होती, प्रत्येक वाक्याला मान हलवायचा. त्याला फ्रेंच माझ्याइतकेच येत होते, तरी तो तीन महिने मला प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगायला लावत होता. गाडी २००७ मध्ये बाजारात आली. नाशिकमध्ये ती आता क्वचित दिसते; इथे दर तिसऱ्या फाटकासमोर उभी असते, आणि मला अजून प्रत्येक वेळी सातपूरच्या गेटाबाहेरचा चहा आठवतो.

हे सगळे का सांगत बसले? तुझ्या पार्कूरस्यूपच्या, म्हणजे फ्रान्सच्या प्रवेश-संकेतस्थळावरच्या, अर्जातले ते १,५०० अक्षरांचे निवेदन आठवते का? तू लिहिलेस, मी ‘फक्त भाषा’ तपासली, पुन्हा तपासली, आणि शेवटी त्यात तुझी दोन वाक्ये उरली. बाकी सगळे मी लिहिले होते, आणि ते लिहिताना मला फार आनंद झाला होता. रोमानियाची १८६४ ची दिवाणी संहिता नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेवरून घेतलेली होती आणि ती २०११ पर्यंत चालली, म्हणून हा कायदा आपल्याला परका नाही, हे वाक्यसुद्धा माझेच. सार्मिझा बिल्चेस्कुचे उदाहरणही मीच घातले: रोमानियाची मुलगी, १८९० मध्ये पॅरिसमध्ये कायद्याची डॉक्टरेट मिळवणारी, आणि प्रबंधाचा विषय काय, तर आईचे कायद्यातले स्थान. हे मी तुला इतक्या वेळा ऐकवले आहे, की तू शेवटी डोळे फिरवायला लागली होतीस. त्या प्रबंधात आईला मुलीचे गुण कळण्याचा अधिकार दिला आहे की नाही, हे मी कधी वाचलेले नाही. तुमचे विद्यापीठ तर पालकांना काहीच कळवत नाही. चांगला नियम आहे. मला तो आवडत नाही.

कायदा तुला शिकायचा होता ना, मीरा? दहा पर्यायांमध्ये तू मानसशास्त्रही घातले होतेस आणि मी ते ‘राहू दे, शेवटी असू दे’ म्हणाले होते. उत्तर आले तेव्हा तू कायद्याच्या होकारावर बोट ठेवण्याआधी माझ्याकडे पाहिलेस. मला ते पाहणे गेले दोन दिवस आठवते आहे. वर्ष बदलावेसे वाटले, विषय बदलावासा वाटला, तर तिथल्या व्यवस्थेत त्याला वाट आहे, आणि एक वर्ष गेले तर फीपेक्षा जास्त काही बुडत नाही. भाडे बुडते, पण ते आपण पाहू. हे मी मनापासून लिहिते आहे, आणि लिहिताना माझा हात थोडा थरथरतो आहे, हेही खरे.

आठ डिसेंबरला तू दिव्यांच्या उत्सवाचा व्हिडिओ पाठवला होतास, खिडक्यांत मेणबत्त्या, सोन नदीवर माणसेच माणसे, आणि शेवटी दोन सेकंद तुझा चेहरा. ताता म्हणाले, किती छान शहर आहे. मी चेहरा पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला. तू वाळली आहेस. विद्यापीठाच्या खाणावळीत स्वस्तात पूर्ण जेवण मिळते, तिथे निदान एक वेळ बसून जेवत जा. भाड्याच्या मदतीचे पैसे सुरू झाले का, की अजून ‘कागद तपासले जात आहेत’? त्यांना पुन्हा भाडेकराराची प्रत हवी असेल तर मला पाठव, पत्र मी लिहून देते. नको, तूच लिही.

मला आता फ्रान्सला यायला व्हिसा लागत नाही, हे तुला ठाऊक आहे. पूर्वी चार दिवसांसाठीसुद्धा बुखारेस्टला कागदांची थप्पी घेऊन जावे लागे. रोमानिया शेंगेनमध्ये, युरोपच्या सामाईक व्हिसा-क्षेत्रात, आल्यापासून इथले राहण्याचे कार्ड दाखवले की झाले. म्हणून येऊ का, असे विचारणार होते. ताता म्हणाले, विचारू नकोस. म्हणून विचारत नाही.

शनिवारी सकाळच्या आउतोकार बसने चालकाकडे पिशवी देत आहे. तो रविवारी उतरेल, पार-दिए स्टेशनच्या मागे जिथे ऑक्टोबरात थांबला होता तिथेच. त्यात बुनिकाच्या झाकुस्का चटणीच्या चार बरण्या आहेत, मेतकूट आहे, तुझे जाड मोजे, आणि आजीची ती छोटी गोधडी, जी तू नेणार नाही म्हणाली होतीस. बरण्या रिकाम्या झाल्या की परत पाठव; बुनिका मोजते. तिला निकालाचे मी काही सांगितलेले नाही, पण तिने काल आपणहून एक मेणबत्ती जास्त लावली, तेव्हा तातांनी तिलाही सांगितलेले दिसते. म्हणजे घरात शेवटी कळले ते मलाच.

रविवारी ताता मिहाय काकांकडे छप्पर दुरुस्त करायला जाणार आहेत आणि पाचपर्यंत परतणार नाहीत. तुझ्याकडे तेव्हा चार वाजलेले असतील. त्याआधी घरचा फोन वाजला, तर तो मीच उचलेन.

तुझी,
आई

ता. क. तातांना फक्त सरासरी माहीत आहे. घटनात्मक कायद्यात नेमके किती मिळाले, हेही मी विचारलेले नाही.