तीन भाषा आणि एक दिवस

पुणे,
१४ ऑगस्ट

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, सोबतचं वेळापत्रकही. सोमवार-गुरुवार जर्मन, मंगळवार-शुक्रवार जपानी, बुधवार-शनिवार स्पॅनिश, रविवारी तिन्हींची उजळणी, आणि हे सगळं रोज रात्री जेवणानंतर दीड तास. किती मनापासून आखलंयस ते दिसतंय, म्हणूनच मोकळेपणाने सांगतो: ही वाटणी बदल. भाषांना वार लावून देऊ नकोस. तिन्ही रोज व्हायला हव्यात, आणि तिघींपैकी थोरली, म्हणजे मुख्य जोर द्यायची, एकच हवी. बाकी कशातही तू तुझ्या सोयीने फेरफार कर, पण या दोन गोष्टींसाठी मी हट्ट धरणार.

वार लावले की काय होतं बघ. गुरुवारी पाठ केलेला जर्मन शब्द तुला थेट रविवारी भेटणार. हेर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये पुस्तक काढलं. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचं, असं त्याचं काम. तासाभरातच निम्म्याहून जास्त गेलेलं असायचं, दुसऱ्या दिवशी साधारण एक तृतीयांश उरायचं, आणि तिथून पुढे मात्र विसरणं मंदावायचं. खऱ्या शब्दांना अर्थ असतो, त्यामुळे ते जरा जास्त तग धरतात, पण सुरुवातीची घसरण त्यांनाही चुकत नाही. म्हणजे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी पडायला हवी. तुझ्या तक्त्यात ती बहुतेक चौथ्या दिवशी पडते, म्हणजे दर खेपेला तू जवळजवळ नव्याने सुरुवात करणार.

शिवाय तुझी नोकरी. महिनाअखेरीला तुला कंपनीतून सुटायला किती उशीर होतो ते मला माहीत आहे. अशा एका गुरुवारी अभ्यास बुडाला की जर्मनची गाठ सोमवारनंतर थेट रविवारी, जवळजवळ आठवड्यानेच. खाडा एका रात्रीचा आणि फटका अख्ख्या आठवड्याचा, हे गणित कुठल्याही कामकरी माणसाला परवडणारं नाही. त्यापेक्षा रोज पंधरा मिनिटांचा रतीब बरा. एक दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी धागा हाताशी असतो.

आता थोरलीचं. श्लीमान आठवतो ना, ट्रॉयचं उत्खनन करणारा? तरुणपणी तो ॲमस्टरडॅममधल्या एका व्यापारी कचेरीत निरोप्या होता, तेव्हा इंग्रजी कशी शिकला ते त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मोठ्याने वाचायचं, भाषांतर करायचं नाही, रोज एक तास शिकवणी, आपल्याला रस असलेल्या विषयावर लिहायचं, शिक्षकाकडून तपासून घ्यायचं आणि तेच पाठ करून दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचं. निरोप पोचवायला निघाला की पाऊस असला तरी हातात पुस्तक असायचं. रशियनला तर शिक्षकच मिळेना, तेव्हा त्याने एका वृद्ध माणसाला आठवड्याला चार फ्रँक देऊन रोज दोन तास नुसतं ऐकायला बसवलं. त्या माणसाला रशियनचा एक शब्दही कळत नव्हता! याच्या मोठ्याने म्हणण्यापायी शेजाऱ्यांच्या तक्रारी झाल्या आणि खोली दोनदा बदलावी लागली. पण ध्यानात घे, श्लीमानने या भाषा एकीमागून एक घेतल्या. एकीचा पाया घट्ट झाला की मग दुसरी.

याच्या उलट आपले विनोबा. ४२च्या चळवळीत वेल्लोरच्या तुरुंगात असताना त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास एकदमच केला. तेव्हा एका वेळी अनेक भाषा होतच नाहीत, असं म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नकोस. मात्र त्या चौघी सख्ख्या बहिणी, एकीचा शब्द दुसरीत ओळखीचा निघतो. आणि तुरुंगाचा दिवस घंटेवर बांधलेला. तुझ्या तिघी तीन गावच्या, आणि तुझा दिवस बांधायचा तो तुलाच. म्हणून मधला मार्ग: तिन्ही रोज, पण जोर एकीवर.

तुझ्यासाठी आत्ता थोरली जपानी, यात मला शंका नाही. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तुला जपानीची एन-फोर परीक्षा द्यायचीय. १८० पैकी ९० गुण हवेत, हे तुला माहीतच आहे. पण श्रवणाचे ६० पैकी १९ स्वतंत्रपणे पडावे लागतात. बाकी पेपर कितीही चांगला गेला तरी तिथे कमी पडलं की नापास. कान आठवड्यातून दोनदा बसून तयार होत नाही, रोजच लागतं. तोपर्यंत जर्मन मधली. तुझी ए-टू पातळी झालेली आहे, ती फक्त उतरू द्यायची नाही. जानेवारीपासून जर्मनला थोरली कर आणि त्यापुढच्या बी-वनला लाग. त्या परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग सुटे देता येतात, प्रत्येकात १०० पैकी ६० मिळवायचे, म्हणजे तुझ्यासारख्याला ती टप्प्याटप्प्यानेही जमेल. स्पॅनिश धाकटी. तिला आत्ता वही नको, व्याकरणाचे तक्ते नकोत. नुसतं ऐकणं आणि मागोमाग म्हणणं.

अभ्यास रात्री नको, हे तुला आवडणार नाही. पण दिवसभर मशिनच्या आवाजात उभं राहून आलेल्या माणसाने जेवून कांजी, म्हणजे जपानीतली चित्रलिपीची अक्षरं, लिहायला बसायचं म्हणजे स्वतःवर जुलूम आहे. पहाटेचा पाऊण तास काढ. तो फक्त थोरलीचा. त्यात पहिली दहा मिनिटं कालचं मोठ्याने म्हणायचं. आपल्याकडे पाठशाळेत संथा देतात तशी: ऐकायचं, दोनदा म्हणायचं, पुन्हा ऐकायचं. मग दोन-तीन कांजी चौकोनी वहीत हाताने लिहायच्या. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, रेघांचा क्रम न मोडता, आणि प्रत्येक कांजी सुटी न लिहिता तिच्या शब्दासकट, शब्द एखाद्या वाक्यात. मोबाइलवर नुसतं ओळखायला शिकलेली कांजी चार दिवसांत दुसऱ्या तिच्यासारख्याच कांजीत मिसळते, हाताने लिहिलेली मिसळत नाही. उरलेला वेळ वाचन. एनएचकेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या घे. कांजीवर तिचा उच्चार बारीक हिरागाना लिपीत दिलेला असतो, त्यामुळे शब्दकोशात अडकून पडायला होत नाही.

कंपनीच्या बसमधली वेळ जर्मनला दे. डॉइचं वेलंच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐक, सोबत त्यांचा मजकूरही मिळतो. जाताना नुसतं ऐक, येताना मजकूर बघत ऐक. मी सकाळी त्याच बातम्या टेबलापाशी उभा राहून मोठ्याने वाचतो. लांबलचक वाक्यात क्रियापद शेवटी येईपर्यंत श्वास पुरवायचा, एवढंच बघायचं. सुरुवातीला मध्येच दम तुटतो. मग हळूहळू कळतं की हे वाक्य आपल्याला परकं नाही. ‘वाइल इश हॉइटं काइनं त्साइट हाबं’ म्हणताना ‘हाबं’ शेवटी येतो, आपल्या ‘कारण मला आज वेळ नाही’मधल्या ‘नाही’सारखा.

हे मला तुला फार दिवसांपासून सांगायचं होतं. मराठी माणूस या तिन्ही भाषांकडे रिकाम्या हाताने जात नाही. जपानीची वाक्यरचना जवळपास आपलीच: कर्ता, कर्म, क्रियापद, आणि शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागून. ‘वाताशी वा होन ओ योमिमासु’ म्हणजे ‘मी पुस्तक वाचतो’, त्याच क्रमाने. हिरागानाचा आ-का-सा-ता-ना हा क्रमसुद्धा बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या आपल्या वर्णमालेच्या शास्त्रातून आलेला आहे. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रजीवाले रडतात. आपण तो दगड, ती वाट, ते झाड म्हणतच मोठे झालो, आपल्याला फक्त कुठल्या शब्दाला कुठलं लिंग ते पाठ करायचं. विभक्ती म्हटलं की आपल्या पोटात गोळा येत नाही. आणि स्पॅनिशचे त आणि द दातांना जीभ लावून उच्चारायचे, अगदी आपल्यासारखे. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं हे सांगत नाहीत, कारण ती आपल्यासाठी लिहिलेलीच नसतात. म्हणून वहीत टिपणं मराठीत काढ. इंग्रजीत काढलीस तर दर वेळी दोन उंबरठे ओलांडायला लागतील.

स्पॅनिश मी टेकडीवर करतो. हनुमान टेकडी चढताना कानात ‘रेडिओ आंबुलांते’ची एखादी गोष्ट लावायची. लॅटिन अमेरिकेतल्या माणसांच्या खऱ्या गोष्टी असतात. ती तुला अजून जड जाईल, तेव्हा तू नवशिक्यांसाठीचं काही लाव, पण चालतानाच. तुझ्याकडे गोदाकाठ आहे. संध्याकाळी वीस मिनिटं, ऐकलेलं वाक्य तिथल्या तिथे पुटपुटायचं. लोक बघतात, बघू देत.

जागा मुद्दाम वेगळ्या सांगतोय. परक्या भाषा मराठीत फारशा घुसत नाहीत, त्या एकमेकींत घुसतात. स्पॅनिशमध्ये ‘पण’ म्हणायला गेलं की ‘पेरो’च्या ऐवजी जर्मन ‘आबर’ जिभेवर येतो. तिन्ही एकाच खुर्चीत, एका पाठोपाठ एक केल्या की हा गोंधळ वाढतो. जपानी पाटावर बसून, जर्मन बसमध्ये, स्पॅनिश पायी, असं केलं की मन त्या त्या जागी त्या त्या भाषेला तयार होऊन बसतं. निदान माझा अनुभव असा आहे आणि मी ज्यांना शिकवलं त्यांचाही. आणि कधी हौस आली तरी स्पॅनिशच्या जोडीला इटालियन किंवा पोर्तुगीज इतक्यात सुरू करू नकोस. इतक्या जवळच्या दोघी, दोन्ही कच्च्या असताना, एकमेकींना उभं राहू देत नाहीत.

वेळेचा हिशेब तूच घाल. पाऊण तास पहाटे, वीस मिनिटं स्पॅनिश, आणि बसमधला वेळ तर असाही जातच होता. बुडापेस्टच्या दुभाषी कातो लोम्ब सोळा भाषांत काम करायच्या. नोकरी-संसार असलेल्या माणसाने आठवड्याला दहा-बारा तास तरी द्यावेत असं त्यांचं म्हणणं. तू आत्ताही त्याच्या आसपास पोचतोस, रात्रीची झोप न मोडता.

गौरी-गणपती तोंडावर आलेत. तुझ्याकडे पाहुण्यांचा राबता असतो आणि वहिनी एकट्या किती करणार? त्या दिवसांत पहाटेचा पाऊण तास सोड, खुशाल सोड. फक्त दहा मिनिटं ठेव: जपानीची उजळणी आणि जर्मनचा एक परिच्छेद मोठ्याने. मोदक वळताना स्पॅनिश कानात चालू राहील. असा मोडका दिवस आधीच ठरवून ठेवलेला असला की तो मोडल्यासारखा वाटत नाही, आणि सणानंतर पुन्हा सुरुवात करायचा डोंगर समोर उभा राहत नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांच्या भाषा दिवाळीत सुटल्या, अवघड व्याकरणापायी नाही. तुझी सुटू नये असं मला फार वाटतं. रानडे इन्स्टिट्यूटच्या संध्याकाळच्या वर्गात तुझ्याइतका चांगला कान कुणाचाच नव्हता. शिकवणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, तूच वाच, आणि सगळा वर्ग गप्प होऊन ऐकत राहिला. तू ते विसरलास असं तुझ्या पत्रावरून वाटतं. मी विसरलेलो नाही.

तुझ्या तक्त्यातला रविवार मात्र मला आवडला, तो ठेव. फक्त उजळणीऐवजी लिहिण्याला दे. आठवड्यात जे झालं ते जपानीत आठ-दहा वाक्यं, जर्मनमध्ये पाऊण पान. जर्मन माझ्याकडे पाठव, मी तपासून मंगळवारपर्यंत परत करेन, आणि दुरुस्त केलेलं तू श्लीमानसारखं पाठ करून मला फोनवर म्हणून दाखव. रविवारी रात्री नऊला मी मोकळा असतो. पहिली पंधरा मिनिटं जर्मन, घरच्या गप्पा नंतर. जपानी तपासायला तुमच्या नाशकात कुणी मिळतं का बघ. नाही मिळालं तर इथल्या एका बाईंना विचारतो, त्या नाही म्हणणार नाहीत.

परीक्षेला पुण्यात येशील तेव्हा शनिवारीच ये आणि आमच्याकडेच उतर. वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश

ता. क. — उजळणीच्या कार्डांचं आंकी ॲप वापरतोयस ते उत्तम, पण तिन्ही भाषांचे गठ्ठे आपोआप रोज वीस नवीन कार्डांवर लावलेले असतात, ते आजच बदल. रोज साठ नवी कार्डं म्हणजे महिन्याभरात उजळणीचाच ढीग होईल आणि दुसरं काही सुचणार नाही. जपानी दहा, जर्मन पाच, स्पॅनिश तीन. आणि जर्मन नाम त्याचं लिंग दाखवणाऱ्या डेर-डी-डासशिवाय कार्डावर चढवू नकोस.