पट्टीबंधक मामा, तुमची फणी माझ्याकडेच राहिली

मामा, नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं परवा जनावरांच्या दवाखान्यात गेल्यावर कळलं. नवं गाव कुणी नीट सांगेना, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. ओळख सांगायची तर, भोगीच्या दिवशी टोपलीत मांजर घेऊन रडत आलेली मानवतकडची शिलाईवाली. मांजर पांढरं, लांब केसांचं, नाव बोंडी.

भाव वाढेल म्हणून आम्ही कापूस ठेवला होता, पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली. बोंडी दिवसभर त्या ढिगात लोळायची, वर बांधावरून गोखरू अंगाला लावून यायची. काखेत आणि कानामागे केसांच्या घट्ट गुठळ्या झाल्या. मी रोज ब्लाउज बेतते, कातर हातात बसलेली. म्हटलं, एवढीशी गुठळी, एका कचक्यात जाईल. गेली, पण सोबत बोटाच्या पेराएवढं कातडंही फाटलं.

टाके डॉक्टरांनी घातले. त्यांचे आभार मी तेव्हाच मानले. तुमचे राहिले, कारण तुम्ही रागावलात आणि मलाही राग आला होता. "ताई, कापडाला रगत येत न्हाई," असं म्हणालात तुम्ही. मग बाहेर बैल ताटकळत उभा असताना मला पायरीवर बसवलंत, बोंडीच्या दुसऱ्या काखेतली गुठळी चिमटीत धरलीत आणि हलकेच वर उचललीत. खालचं कातडं राहुटीसारखं वर आलं. मांजराचं कातडं पातळ आणि सैल, गुठळीसोबत तेही ओढलं जातं, आणि केसांच्या दाटीत कुठं केस संपतो नि कुठं कातडं सुरू होतं ते दिसतच नाही. एवढं बघितल्यावर माझा राग कुठल्या कुठं गेला.

पुढचं सगळं तुमच्या हातांनी शिकवलं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी गुठळी मुळाशी दाबून धरायची, म्हणजे ओढ कातड्याला लागत नाही. वर चिमूटभर कॉर्नफ्लोर भुरभुरायचं, बोटांनीच ती फोडायची, दोनाच्या चार, चाराच्या आठ. मग कंगवा, तोही टोकाकडून, मुळाकडून कधीच नाही. मी विचारलं, आधी अंघोळ घातली तर? "तुम्ही घोंगडं कधी धुतलं न्हाई का?" तुमच्या घरी मेंढरं, त्यामुळं उदाहरणही तसंच. भिजली की लोकर आळते, गुठळीही तशीच आवळत जाते. ज्या दोन कशानंच सुटेनात, त्या तुम्ही केस कापायची मशीन कातड्याला आडवी टेकवून, कातडं ताणून धरून काढल्यात. त्या घरी करायच्या नाहीत, असं बजावूनही सांगितलंत.

आणि ते, "कशाला घाई करायलात?" हे मी अजून घरात सगळ्यांना ऐकवते. शेपटीचं टोक फटफट हलायला लागलं, कान मागं गेले, की हात काढायचा. पाच मिनिटं झाली तरी पुष्कळ. पोट सगळ्यात शेवटी, आणि तेही तिनं दिलं तर. बोंडी पोट देत नाही. मीही मागत नाही.

दोन गोष्टींसाठी मात्र तुमचे पाय धरायला हवेत. दुखत असेल म्हणून मी पॅरासिटामॉलची पाव गोळी कुटून आणली होती. तुम्ही पुडी हातातून घेतलीत आणि टाकून दिलीत. मांजराला ती पचत नाही, जिवावर बेतते, हे मला ठाऊकच नव्हतं. दुसरं, आमच्या शेजाऱ्यांनी पिसवांवर कुत्र्याची पावडर सुचवली होती. त्यातलं पर्मेथ्रीन कुत्र्याला चालतं. मांजराला मात्र थरथर सुटते, झटके येतात, कधी जीवही जातो. गोठ्यातलं गोचिडाचं औषध आणि फरशीचं फिनेल, दोन्हींची नावं तुम्ही त्याच दमात घेतलीत. त्याऐवजी टेबलाच्या खणातून ही फणी काढून दिलीत, लाकडी, उवांची असते तशी. ओल्या कापसावर तिचे दात पुसले. काळे ठिपके हळूहळू तांबूस झाले. पिसवांची घाण, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. तेव्हा कुठं पटलं की औषध डॉक्टरांकडूनच, तिच्या वजनाप्रमाणंच घ्यायचं.

उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर गेला तेव्हा घरच्यांनी बोंडीला पूर्ण भादरायची टूम काढली. मी नाही म्हणाले. तिचे केस उन्हालाही आडोसा असतात, नुसते मोकळे आणि विंचरलेले हवेत. फाल्गुनापासून केस फार गळत होते, तेव्हा रोज सकाळी, कातर शिलाई मशीनला टांगलेली असतानाच, मी फणी घेऊन पायरीवर बसायचे. निघालेले केस एवढे, की उशी भरेल. चाटून चाटून पोटात गेले असते ते.

काखेतल्या जखमेवर आता केस आलेत. जरा वेगळे, उलट्या दिशेला वळलेले, पण आलेत.

भेटायला येताना फणी घेऊन येईन. तिचा एक दात तुटलाय. बोंडीचं नाव घेऊ नका, तो मीच तोडलाय, घाईत.

तुमची,
बोंडीची ताई