बोनेटचा खटका आत घ्या, पण दुसरा खटका काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्या नव्याने उभ्या करणाऱ्या लोकांवरचा लेख वाचला. इथे एडिसनला, न्यू जर्सीत, सकाळच्या चहाबरोबर मोबाईलवर वाचला आणि मग मुलीलाही वाचून दाखवला. लेख छान होता, फोटो तर फारच छान. पण त्यात एक वाक्य होतं की ज्या जुन्या गाड्यांचं बोनेट बाहेरून उघडतं त्यांना आतून उघडायची केबल टाकून घ्यावी, कुठलाही गॅरेजवाला तासाभरात करून देतो. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. केबल टाका, जरूर टाका, मीही टाकलीय. पण तासाभराचं काम समजून टाकू नका, कारण बोनेट म्हणजे चालत्या गाडीत तुमच्या तोंडासमोर उघडू शकणारा लोखंडी पत्रा आहे.

माझ्याकडे 1966 ची फोर्ड मस्टँग आहे. फार भारी वगैरे नाही, सहा सिलिंडरचं 200 क्युबिक इंचाचं इंजिन, लोक व्ही-8 वाल्या शोधतात तसली नाही. पण तिचा चासी नंबर बघाल तर दुसरं अक्षर T आहे, म्हणजे ती फोर्डच्या मेटुचन प्लांटमध्ये बनलेली, आणि तो प्लांट इथेच, आमच्या एडिसनमध्ये रूट 1 ला होता. 2004 ला बंद झाला. डिअरबॉर्नच्या गाड्यांना F, सॅन होजेच्या गाड्यांना R आणि आमच्या गावच्या गाड्यांना T. मी सांगलीचा माणूस, पंचवीस वर्षं इथे राहतोय, ओक ट्री रोडवर पोहे आणि मेतकूट घ्यायला जातो त्या रस्त्यांवरून ही गाडी पहिल्यांदा बाहेर पडली असेल, म्हणून माझा जीव तिच्यात जरा जास्तच आहे.

आता मुद्द्याचं. या गाडीला बोनेट उघडायला आत काहीच नाही. समोर ग्रिलच्या वर बोनेटच्या कडेखाली बोटं घालायची, तिथे एक लिव्हर लागतो, तो दाबला की उघडलं. साठच्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकन गाड्या अशाच, शेवरोलेची पहिली कमॅरोसुद्धा. दाराला कुलूप, डिकीला कुलूप आणि इंजिन मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला मोकळं. आमच्या अण्णांकडे सांगलीला महिंद्राची जुनी जीप होती, तिला तर बोनेटच्या दोन्ही बाजूंना बाहेरूनच खटके, अण्णा रात्री एका खटक्यात बारीक साखळी ओवून कुलूप घालायचे आणि चावी जानव्याला बांधून ठेवायचे. लहानपणी ते बघून मला वाटायचं की हे एवढं कशाला.

कशाला ते तीन वर्षांपूर्वी कळलं. स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी लावून न्यूयॉर्कला ऑफिसला गेलो, रात्री साडेनऊला परत आलो, पाऊस चालू होता, चावी फिरवली तर काही नाही, साधा टिक आवाजही नाही. बोनेट उघडून मोबाईलचा टॉर्च मारला तर पुढे उजवीकडे बॅटरीचा ट्रे रिकामा आणि दोन्ही वायरींची टोकं कापलेली. नट सोडवायचेही कष्ट घेतले नव्हते, सरळ कटरने कापलेल्या, तांब्याच्या तारा झाडूसारख्या पसरल्या होत्या. बॅटरी काय, दुसऱ्या दिवशी दुकानातून आणली. पण त्या वायरी बघून पोटात जे झालं ते अजून आठवतं. त्या आठवड्यातच ठरवलं की बोनेट आतून उघडणारं करायचं.

गाडी एका वर्कशॉपला दिली, नाव लिहीत नाही. संध्याकाळी आणायला गेलो तर केबल बसलेली, डॅशखाली नवीन नॉब, ओढला की बोनेट खट्कन सुटतंय, मी खूश. पण बोनेट सुटून थेट वरच येत होतं, मधे कुठे अडकत नव्हतं. खाली वाकून बघितलं तर सेफ्टी कॅच, म्हणजे बोनेटचा दुसरा छोटा खटका, काढून वर्कबेंचवर ठेवलेला. विचारलं तर म्हणाले केबलच्या ब्रॅकेटला आड येत होता, आणि आता कुलूप आतून आहे तर दोन दोन खटके कशाला. मी म्हटलं तो आधी लावा, ते म्हणाले त्यासाठी ब्रॅकेट बदलायला लागेल, पुढच्या आठवड्यात या. मी तो कॅच खिशात घातला, पुढचं बोनेट जाड पट्ट्याने ग्रिलला बांधलं आणि घरापर्यंत पंचवीसच्या स्पीडने गाडी आणली.

हे जरा सविस्तर सांगतो कारण हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि लेखात याबद्दल अक्षर नव्हतं. अशा गाड्यांचं बोनेट काचेच्या बाजूला बिजागरीवर असतं आणि पुढून उघडतं. मुख्य खटका सुटला आणि बोनेट दोन बोटं वर आलं की समोरची हवा त्याच्याखाली शिरते, आणि हायवेच्या स्पीडला ती हवा पत्रा उचलून काचेवर आपटते. समोरचं काही दिसत नाही, काच फुटते, बिजागऱ्या वाकतात आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं. दुसरा खटका, म्हणजे तो छोटा आकडा जो आपण बोनेट उघडताना बोटाने बाजूला सारतो, तो फक्त यासाठीच असतो, पहिला सुटला तर बोनेट तिथेच धरून ठेवायला. अमेरिकेत 1 जानेवारी 1969 पासून सरकारी नियमच आहे, एफएमव्हीएसएस 113, की पुढून उघडणारं बोनेट ड्रायव्हरची नजर अडवू शकत असेल तर त्याला खटक्याची दुसरी पायरी किंवा दुसरा खटका पाहिजेच. माझी गाडी त्या नियमाच्या आधीची, तरी कंपनीने तो दिला होता. आणि आतून केबल टाकल्यावर तर त्याची गरज वाढते, कमी होत नाही. आधी बोनेट सुटायला कोणीतरी बाहेर उभं राहून बोटं घालावी लागायची, आता आत बसलेल्या कोणाचाही हात लागला तरी सुटतं.

आणि हात लागतो हो. या मस्टँगचा हँडब्रेक दोन सीटच्या मधे नाही, तो डॅशच्या खाली डावीकडे ओढायचा दांडा आहे. वर्कशॉपने नवीन नॉब त्याच्या शेजारी चार बोटांवर लावला होता, दोन्ही काळे, दोन्ही ओढायचे. माझी बायको पार्किंगमधून गाडी काढायला बसली तर अंधारात कुठला ओढेल? मी तो नॉब तिथून काढून पार डाव्या किक पॅनेलवर, म्हणजे पायाशी दाराच्या पुढे असलेल्या बाजूच्या पत्र्यावर, खाली लावला, आडवा, आणि हात फिरला तरी वेगळं कळावं म्हणून त्याला लाल रंगाची चपटी मूठ बसवली.

दुसरी गोष्ट केबल तुटण्याची. कॅच परत बसवून, ब्रॅकेट स्वतः बनवून सगळं नीट केलं असं मला वाटत होतं. फेब्रुवारीत एका सकाळी मूठ ओढली तर सैल, लोण्यातून सुरी निघावी तशी वायर हातात आली. पुढे खटक्याजवळ वायर धरून ठेवणारा छोटा स्क्रू ढिला होऊन वायर त्यातून सुटली होती. बोनेट बंद, बॅटरी थंडीने उतरलेली, आणि चार्जर लावायला बोनेट उघडायला पाहिजे. ड्राइव्हवेमध्ये पुठ्ठा टाकून बंपरखाली झोपलो, खाली बर्फाचं पाणी, मुलगी टॉर्च धरून. हात वर जातच नाही, रेडिएटर आणि ग्रिलच्या मधे मनगटापाशी अडकतो. शेवटी खिडकीच्या पडद्याची पट्टी काढली, तिचं टोक पकडीने वाकवून आकडा केला आणि चाचपडत चाचपडत खटक्याचा लिव्हर सापडला. अडीच तास लागले, रेडिएटरच्या पाचसहा पात्या वाकल्या, मुलीची शाळेची बस चुकली. हेच हायवेवर गाडी बंद पडलेली असताना झालं असतं तर काय, हा विचार त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. आग लागली तर मात्र बोनेट स्वतः उघडायचं नसतं, हवा मिळून ती भडकते.

तेव्हापासून माझ्या गाडीत दोन वायरी आहेत. एक आतल्या मुठीला. दुसरी खटक्यापासून सरळ खाली उतरून बंपरच्या मागे अशा जागी संपते की जमिनीवर गुडघा टेकून, हात आत घालून ओढावी लागते. चोराला ती आहे हेच माहीत नाही, आणि मला डोळे मिटून सापडते. दुसऱ्या वायरीचा खर्च म्हणाल तर सायकलच्या ब्रेकच्या वायरीएवढा.

बाकी कामाचं थोडक्यात सांगतो. केबलला कुठेही एकदम काटकोनात वळवू नका, मोठा गोल वळसा द्या, नाहीतर आतली तार कव्हरला घासून जड होते. एक्झॉस्टपासून आणि स्टिअरिंगच्या हलणाऱ्या भागांपासून लांब ठेवा, मी डाव्या मडगार्डच्या आतल्या कडेने नेलीय आणि वीतभर अंतरावर क्लिपा मारल्यात. केबल ताणून बांधू नका, मुठीपाशी थोडा सैलपणा पाहिजे, नाहीतर खटका पूर्ण बसत नाही, बसल्यासारखा दिसतो आणि खड्ड्यात सुटतो. हे शेवटचं तर आपल्याकडच्या रस्त्यांना फारच लागू आहे. आणि ग्रीस. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते केबलमध्ये शिरून गंज धरतो. रत्नागिरी, मालवण, मुंबईच्या खाऱ्या हवेतही तेच होणार, तेव्हा पावसाळ्याआधी आणि नंतर टोकं साफ करून खटक्याला ग्रीस लावायचं, मूठ दहा वेळा ओढून बघायची.

फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्याला, नवीन भोक पाडायच्या आधी मात्र दहा वेळा विचार करा. मी वायरिंगसाठी आधीच असलेल्या भोकातून केबल आत घेतली, त्याला नवीन रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रिंग, घातलं म्हणजे पत्र्याची धार लागत नाही. महाराष्ट्रातल्या गाडीवाल्यांसाठी याचं आणखी एक कारण आहे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले, VA अक्षरांची नंबरप्लेट मिळते ते. त्यात गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी पाहिजे, आणि मूळ स्वरूपात पाहिजे, चासी, बॉडी शेल, इंजिन यात मोठे फेरफार नकोत. एका केबलने कोणाची नोंदणी अडेल असं मी म्हणत नाही. पण फायरवॉल हा बॉडीचाच भाग आहे, आणि पन्नास वर्षं टिकलेल्या पत्र्यात ग्राइंडर घालून ग्रिलची पट्टी कापणारे लोक मी बघितलेत, बघून वाईट वाटतं. जे लावाल ते नटबोल्टने लावा, वेल्डिंग नको, आणि काढलेला मूळ लिव्हर जपून ठेवा. माझा डब्यात आहे, तेल लावून, कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून. उद्या मुलीने गाडी 1966 सारखी परत करायची म्हटलं तर अर्ध्या दिवसात होईल.

मागच्या वर्षी अण्णा इथे आले होते, वय 81. इथल्या पार्कवे नावाच्या हायवेवर त्यांना फिरवायला नेलं तर निघायच्या आधी खाली उतरले, बोनेटवर दोन्ही तळवे टेकवून दाबून बघितलं, मग कडेला बोटं घालून आकडा लागतो का ते बघितलं, आणि मगच दार उघडून बसले. जीप विकून तीस वर्षं झाली तरी ती सवय गेली नाही. आता मीही दर वेळी तसंच करतो.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्याच पानावर दोन ओळी छापा: सेफ्टी कॅच काढू देऊ नका, आणि केबल तुटली तर बोनेट बाहेरून कसं उघडणार ते काम चालू असतानाच गॅरेजवाल्याकडून करून घ्या आणि तुमच्या समोर एकदा उघडून बघा. जागा असेल तर दुसऱ्या वायरीचे आणि ब्रॅकेटचे फोटो मी पाठवतो, मापांसकट.

आपला नियमित वाचक,
एडिसन, न्यू जर्सी (मूळ सांगली)