ऑनर्सच्या विद्यार्थ्यांनो, शनिवारी गुणपत्रिका घेऊन या

सर्व मित्रमैत्रिणींनो,

येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता विभागाच्या सभागृहात बैठक आहे. तिसऱ्या वर्षाच्या सगळ्यांनी यायचंच आहे. दुसऱ्या वर्षाचे आलात तर उत्तम, तयारी आतापासूनच लागते.

चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल, तर यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. संशोधन प्रकल्प १२ क्रेडिटचा असतो. एखाद्या टक्क्याने संधी हुकलेली मुलं पाहिली आहेत, फार हळहळ वाटते. म्हणून येताना:

• आतापर्यंतच्या सत्रांच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स
• प्रकल्पाचा विषय, चार ओळींत, स्वतःच्या शब्दांत

इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपबद्दलही बोलू. तिचा अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी भरावा लागतो. आयुका, एनसीएल, आयसर या संशोधन संस्था आपल्या पुण्यातच आहेत. तिथली व्याख्यानं ऐकायला तरी जात जा.

आणि कौतुकाचं! आपल्या एका मैत्रिणीचं मुठेच्या पाण्यावरचं पोस्टर ‘आविष्कार’ या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेसाठी निवडलं गेलंय. पावसाळाभर ती भिडे पुलाजवळून बाटल्या भरून आणत होती. तिच्या वहीची पानं भिजून फुगली आहेत, पण एकही नोंद चुकलेली नाही. ती वही शनिवारी सगळ्यांना बघायला मिळेल.

येणार नसाल तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत वर्गप्रतिनिधीला कळवा.

– ऑनर्स समन्वयक